वजन, पाणी आणि आपलं दस्तरखान

वजन कमी करायचं आहे, असं बाईमाणसाने एकदा तोंडातून काढलं की सल्ल्यांना तोटा राहत नाही. गेल्या दीड वर्षात मला जे सल्ले मिळाले त्यांतले निम्म्याहून जास्त पाण्याविषयी होते. सकाळी अनशापोटी गरम पाणी प्या. त्यात लिंबू पिळा, मध घाला. जिरं रात्री भिजत टाका आणि सकाळी ते पाणी गाळून घ्या. कलौंजी उकळा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या. जेवताना पाणी पिऊ नका, पोट सुटतं. जेवणाआधीच पिऊन घ्या, भूक मरते. आमच्या गल्लीतल्या एका शेजारणीने मोबाइलवर पाहून सांगितलं की, रोज पाच लिटर पाणी प्यायलं तर महिन्यात सात किलो वजन उतरतं. मी विचारलं, "उतरून जातं कुठे?" ती म्हणाली, "बाथरूममध्ये, आणखी कुठे?"

बीस-एक वर्षं वर्गात उभं राहिलं की 'का?' आणि 'कसं?' हे प्रश्न सुटत नाहीत. म्हणून या विषयाचं जमेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना छळलं आणि घरात जे घडलं ते डोळ्यांसमोर आहेच. आपल्या घराघरांत हाच विषय चालू असतो, म्हणून लिहिते आहे.

आधी माझं. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. शाळेच्या आरोग्य तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एचबीएवनसी तपासणी असते, ती ६.१ आली. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ किंवा वर गेली तर मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात. आमच्या वाडीतल्या डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही. म्हणाले, "वजन पाच-सहा किलोने कमी करा, रोज चाला, सहा महिन्यांनी भेटा." मग एक प्रश्न विचारला: "दिवसाला चहा किती आणि पाणी किती?"

चहाचा हिशेब सोपा निघाला. सकाळी फजरनंतर एक, शाळेत दोन, घरी आल्यावर एक, मगरिबनंतर एक आणि कुणी आलं तर त्यांच्यासोबत एक. सहा कप. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. लहान चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर बसते, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली ती अशी: वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ च्या आसपास ठेवता आली तर फार बरं. माझी मर्यादा फक्त चहातच ओलांडली जात होती. शिरखुर्मा, हलवा, बिस्किटं पुढेच राहिली. ६० ग्रॅम साखर म्हणजे जवळजवळ २४० कॅलरी, दोन पोळ्यांएवढ्या. आणि या दोन पोळ्यांनी पोट भरत नाही. आमचे हे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघतात. वाडी म्हणजे गोदामं आणि ट्रक, आणि जिथे ट्रक तिथे चहाची टपरी. त्यांचा आकडा नऊ कपांचा निघाला. त्यांनी तो हिशेब मात्र वहीत मांडू दिला नाही.

पाण्याचा हिशेब काढायला गेले तेव्हा दिवसाला जेमतेम पाच ग्लास निघाले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी माणसाला दिवसाला सुमारे आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर पाणी सांगते. उन्हाळ्यात आणि कष्टाच्या कामात त्याहून जास्त. आणि आमचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, म्हणून विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. अशा गावात शिकवणारी बाई पाच ग्लासांवर दिवस का काढते?

याचं उत्तर आपल्या बहुतेक शिक्षिकांना ठाऊक आहे, फक्त कुणी लिहीत नाही. आधी मी ज्या शाळेत होते तिथे बायकांसाठी एकच स्वच्छतागृह होतं. त्याची कडी तुटलेली, आत पाणी नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. मग सोपा उपाय एकच: पाणीच प्यायचं नाही. सकाळी सातला घरून निघताना एक घोट, त्यानंतर थेट दुपारी दीडला. आमच्यातल्या दोघींना लघवीच्या जागी वारंवार जंतुसंसर्ग व्हायचा, एकीला मुतखडा झाला. मुलीही तेच करायच्या. सातवी-आठवीच्या मुलींच्या बाटल्या दुपारी घरी जाताना भरलेल्याच असायच्या. डोकं दुखतं म्हणून मुलगी बाकावर डोकं ठेवते, आणि आपण समजतो हिने अभ्यास केला नाही.

आणि याचा वजनाशीही संबंध आहे. तहान आणि भूक या दोन्ही गोष्टी अंगात शिणवटा आणतात, आणि पाणी प्यायची सोय नसली की हात चहाकडे जातो. स्टाफरूममध्ये छोटा कप मिळतो, तो गोड असतो, तेवढ्यापुरती तरतरी येते, आणि तेवढ्याशा चहाने स्वच्छतागृहाकडे धावावं लागत नाही. पाणी सुटलं की त्याच्या जागी साखर येते.

केरळमध्ये २०१९ साली काही शाळांत 'वॉटर बेल' सुरू झाली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा वाजते आणि सगळ्या मुलांनी बाटली काढून पाणी प्यायचं. मग कर्नाटकाने ती उचलली. कल्पना चांगली आहे. पण माझ्या मते घंटा वाजवण्याच्या आधी कडी बसवावी लागते. आताच्या शाळेत आम्ही शिक्षिकांनी पालक सभेत हा विषय काढला. आयाच पुढे आल्या. एका मुलीचे वडील लोखंडी दारांचं काम करतात, त्यांनी दोन दारं आणि कड्या बसवून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मधल्या सुट्टीआधीच्या तासाला मी माझ्या वर्गाला पाणी प्यायला सांगते, आणि मीही त्यांच्यासमोर पिते. बसून, तीन घोटांत. ही सुन्नत मुलांना पाठ असते, पण बाटली उभ्याने तोंडाला लावण्याची सवय तिच्याहून जुनी.

आता माझ्या नणंदेच्या मुलीविषयी, कारण हे लिहायला बसण्याचं खरं कारण ती आहे. तिची आणि आपांची परवानगी घेऊन लिहिते आहे. आपा बाहेरगावी राहतात. मुलगी शिकायला आमच्याकडे असते, कारण विद्यापीठाचं आवार याच अमरावती रस्त्यावर आहे आणि वाडीहून जाणं-येणं सोपं पडतं. वय २२. मागच्या वर्षी तिच्यासाठी एक रिश्ता आला. घर चांगलं, मुलगा शिकलेला, देण्या-घेण्याची भाषा नाही. सगळं पसंत पडलं. फक्त जाताना मुलाच्या खालांनी आपांना बाजूला घेऊन सांगितलं की, मुलगी सालस आहे, पण निकाहपर्यंत थोडी उतरली तर बरं दिसेल. 'थोडी' म्हणताना त्यांनी हातांनी जे दाखवलं ते मुलीने दारातून पाहिलं.

त्या दिवसापासून तिने पाण्याचं डाएट सुरू केलं. दोन लिटरची बाटली, दिवसातून तीन वेळा भरायची. जेवण एकच, तेही काकडी-टोमॅटो आणि मीठ न घातलेलं मूग. मीठ सोडलं कारण मिठाने अंगावर सूज येते असं कुठेतरी ऐकलेलं. दहा दिवसांत काटा चार किलोने खाली आला. फोनवर आपा खूश. अकराव्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. दुपारी बोलताना शब्द अडखळायला लागले. यांनी तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर सोडियम १२८. ते १३५ ते १४५ असावं लागतं. एक रात्र तिला तिथे ठेवून घेतलं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मूत्रपिंडं तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पाणी ओतत राहिलं, आणि त्यात मीठ आणि अन्न दोन्ही कमी, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग पाणी पेशींमध्ये शिरतं. बाकी अवयव थोडंफार फुगले तरी चालतं. मेंदू कवटीत असतो, त्याला फुगायला जागा नाही. डोकेदुखी, उलटी, गोंधळणं आणि वेळेत थांबलं नाही तर झटके. पाणी पिऊन माणसं दगावल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत. आपल्याकडे 'पाणी कितीही प्या, पाण्याने काय होतंय' असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिलं.

घरी आल्यावर मी आणि ती वही घेऊन बसलो. ती विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे मला सोपं गेलं. चार किलो गेले ते कशाचे? आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. उपाशी राहिलं की आधी तो साठा संपतो आणि त्याचं पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी बहुतेक जागच्या जागी राहते. दोन दिवस नीट जेवलं की पाणी परत. तिचे चारपैकी अडीच किलो आठवड्यात परत आलेही.

मग गरम पाण्याने चरबी वितळण्याची गोष्ट. आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. पाणी गरम प्या की माठातलं, पोटात काही वेळातच ते शरीराच्या तापमानाला येतं. चरबी पेशींच्या आत असते. ती कढईला लागलेल्या तुपासारखी गरम पाण्याने सुटून जात नाही. ती जाते कुठे, हे मलाही नवीन होतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणित मांडलं: १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे शेजारीण म्हणाली तसं बाथरूममध्ये फार थोडी जाते, बाकीची नाकातून.

बर्फाच्या पाण्याचं गणित तर सातवीचं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते (आपण जेवणात मोजतो ती). अर्धा लिटर बर्फगार पाणी शून्यावरून ३७ अंशांवर आणायला शरीराला साडेअठरा कॅलरी खर्चाव्या लागतात. एक लहान चमचा साखरेएवढ्या. आणि लिंबू-मधाच्या पाण्यात आपण मोठा चमचाभर मध घालतो, त्याच्या ६० कॅलरी होतात. भाची हसली. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा.

मग पाण्याचा वजनाला काहीच उपयोग नाही का? आहे, पण बेताचा आणि सरळ. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांवर प्रयोग झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कमी कॅलरीचं जेवण. त्यातल्या अर्ध्यांनी प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायचं. बारा आठवड्यांत पाणी पिणाऱ्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा साधारण दोन किलोने जास्त उतरलं. २०१५ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ८४ जणांवर असंच झालं: जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर. फरक १.३ किलोचा. तिथे दुसऱ्या गटाला पाणी न देता फक्त 'पोट भरलं आहे अशी कल्पना करा' असं सांगितलं होतं. हे वाचून आमचे हे म्हणाले, महिनाअखेरीला आम्ही हेच करतो.

बारा आठवड्यांत किलो-दोन किलो, तेही जेवण आटोक्यात ठेवून. पाच लिटर नाही आणि महिन्यात सात किलोही नाही. पाणी पोटात थोडी जागा व्यापतं, त्यामुळे दुसऱ्यांदा वाढून घेताना हात थबकतो. आणि खरा फायदा पाणी कशाच्या जागी पिता यात आहे. कोल्ड्रिंकच्या पाऊण लिटरच्या बाटलीत ८० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सोळा चमचे. आपल्याकडे दावतीत बिर्याणीबरोबर ती बाटली दस्तरखानावर नसेल तर यजमानाला अपराधी वाटतं. ती काढून तिथे माठातलं वाळा घातलेलं थंड पाणी आणि पातळ ताक ठेवून पाहावं. आम्ही ईदला ठेवलं. दोन पाहुण्यांनी नाक मुरडलं, बाकीच्यांनी ताकाची दोन पातेली संपवली.

इथे आमच्या जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव घ्यायला हवं. डॉ. श्रीकांत जिचकार. काटोलकडचे, डॉक्टर, वकील, आयपीएस, आयएएस, नोकरी सोडून १९८० साली काटोलचे आमदार, पुढे मंत्री. पदव्यांच्या संख्येमुळे मुलांना त्यांची गोष्ट सांगितली जाते, पण वजन आणि मधुमेहावर त्यांनी जे व्याख्यान दिलं त्याची आठवण नागपुरात कमी निघते. त्यांचा मुद्दा असा होता: आपण काहीही खाल्लं की शरीरात इन्सुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं असताना शरीर चरबी साठवतं, जाळत नाही. म्हणून किती खाता याबरोबर किती वेळा खाता तेही मोजा. जिचकार २ जून २००४ रोजी याच अमरावती रस्त्यावर, कोंढाळीजवळ मोटार अपघातात गेले. वय पन्नाशीच्याही आत. नंतर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्यांच्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण ऐकून स्वतःवर प्रयोग केला आणि तेच पुढे 'दीक्षित डाएट' म्हणून महाराष्ट्रभर झालं. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, आणि मधल्या वेळात भूक लागली तर पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. सोबत रोज ४५ मिनिटं चालणं.

ऋजुता दिवेकर यांच्यासारखे आहारतज्ज्ञ याच्या उलट दर दोन तासांनी थोडं खायला सांगतात, आणि दोन्ही बाजूंनी वाद भरपूर झाला. कोण बरोबर, ते ठरवणं माझं काम नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांनी हे करू नये, असं खुद्द दीक्षितच सांगतात; साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. मला त्यातलं एकच पटलं आणि पेललं: साखरेचा चहा हे पिणं नाही, खाणं आहे. सहा कप म्हणजे सहा वेळा खाणं. मी चार सोडले आणि त्या जागी पाणी घेतलं. उरलेल्या दोन कपांत साखर अर्धा-अर्धा चमचा. पहिले पाच-सहा दिवस डोकं दुखलं, मग थांबलं.

दोनदा जेवणं आपल्याला नवीन नाही. रमजानमध्ये आपण महिनाभर तेच करतो, असं वाटतं. पण इफ्तार ते सेहरी आपलं जे चालतं ते पाहा: खजूर, सरबत, भजी, समोसे, मगरिबनंतर चहा, मग जेवण, तरावीहनंतर काहीतरी गोड, सेहरीला पुन्हा पराठे. ईदला शेरवानीचं बटन लागत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा रोजा ताज्या खजुरांनी सुटायचा, त्या नसल्या तर सुक्या खजुरांनी, त्याही नसल्या तर पाण्याच्या काही घोटांनी. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी, ही त्यांची शिकवण तिरमिजीत आली आहे. आपल्या पोटात इफ्तारच्या पंधराव्या मिनिटाला श्वासाचा भाग समोसा घेऊन बसलेला असतो.

रोज्यातल्या पाण्याविषयी मला विद्यार्थिनी विचारतात. २०१८ आणि २०१९ चे रोजे मे महिन्यात आले होते, चौदा तासांहून मोठे, आणि घरोघर सेहरी संपण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर पाणी घशात ओतलं जायचं. उंट कुबडीत पाणी साठवतो हेही खरं नाही, आणि आपल्याला तर कुबडही नाही. ते पाणी दोन-तीन तासांत निघून जातं. इफ्तारला दोन ग्लास सावकाश, मग तरावीहच्या आधी आणि नंतर एकेक, झोपताना एक, सेहरीच्या जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक, असं वाटून घेतलं की दुपार सोसते. सरबत करायचंच तर एक ग्लास, नि तेही फिकं. सेहरीला दही, काकडी, टरबूज असेल तर तेही पाणीच.

मात्र एका घरात एक नियम सगळ्यांना लागू पडत नाही. आमच्या अम्मींचं, म्हणजे सासूबाईंचं, वय ७४, हृदय कमजोर. डॉक्टरांनी त्यांना दिवसभरात सव्वा लिटरच द्रव सांगितलं आहे, आणि त्यात चहा, दूध, वरण, शोरबा सगळं आलं. जास्त झालं तर पाय सुजतात, रात्री दम लागतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनाही अशीच मर्यादा असू शकते. सकाळी मी त्यांच्यासाठी मापाची बाटली भरून ठेवते. भेटायला येणाऱ्या बायका प्रेमाने म्हणतात, "अम्मी, उन्हाळा आहे, पाणी पीत जा." अम्मी हो म्हणतात आणि बाटलीकडे बघतात. मे महिन्यात कूलर बंद पडला तेव्हा मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी एक ग्लास वाढवून दिला आणि रोज सकाळी वजन करायला सांगितलं. घरात काटा आणला तो अम्मींसाठी, वापरतात सगळे.

दवाखान्यातून भाची घरी आली त्या रविवारी आपा आल्या. मुलीला पाहून रडल्या, मग म्हणाल्या, "थोडं सांभाळून कर, पण सोडू नको. असा रिश्ता पुन्हा येत नाही." मी काही बोलण्याआधी आतल्या खाटेवरून अम्मी म्हणाल्या, "माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी काट्यावर उभं केलं नव्हतं. तुझ्या वेळी मीही केलं नाही." आपा गप्प झाल्या. संध्याकाळी यांनी बहिणीला सांगितलं की, मुलीला दवाखान्यात का ठेवावं लागलं ते त्या घरी कळवायचं, लपवायचं नाही. आपांना हे अवघड गेलं. मुलीचं आजारपण सांगितलं की रिश्ता जातो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. तरी तीन दिवसांनी त्यांनी फोन केला आणि सगळं सांगितलं.

आता भाची आणि मी असरनंतर चालायला जातो. दत्तवाडीकडून निघायचं, ट्रकची गर्दी टाळत आतल्या रस्त्याने वळसा घेऊन परत यायचं, पाऊण तास. ती दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पिते, तीन वेळा जेवते, मीठ घालून. सात महिन्यांत तिचे पाच किलो उतरले. माझे १४ महिन्यांत सात किलो, आणि मागच्या तपासणीत ६.१ चे ५.७ झाले, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टर म्हणाले, अजून पट्ट्यातच आहात, चालत राहा. यांचे चहा नवावरून पाचावर आले आहेत; निदान मला तसं सांगतात.

मुलाच्या घरून बरेच दिवस काही निरोप नव्हता. गेल्या महिन्यात मुलाच्या आईचा फोन आला. खाला नव्हे, आईचा. तब्येत कशी आहे ते विचारलं, आणि मुलाला मुलीशी एकदा घरच्यांसमोर बोलायचं आहे असं म्हणाल्या. आपांनी लगेच हो सांगितलं असतं, पण भाचीने परीक्षेनंतरची तारीख दिली. तिला त्याला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत म्हणे. यादी तिने मला दाखवली नाही.